उत्तरवयातील योगशिक्षक

वयाची चाळिशी उलटली की नवी विद्या शिकण्याचे दिवस संपले, आणि पन्नाशी उलटली की ती दुसऱ्यास शिकविण्याचेही संपले, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनसुद्धा इतकी खोल रुजलेली आहे की तिच्याबद्दल कोणी पुरावा मागत नाही. पेन्शन घेतलेल्या गृहस्थाने सकाळी देवदर्शन करावे, नातवंडांस शाळेत पोचवावे, वर्तमानपत्राची एकूणएक ओळ वाचावी व संध्याकाळी चार समवयस्कांत बसून तीवर मतप्रदर्शन करावे. घरातील वडीलधाऱ्या बाईने लोणच्या-पापडांवर देखरेख ठेवावी व सुनांना आपल्या काळच्या गोष्टी सांगाव्या. असा हा ठरीव क्रम आहे. त्यात खंड पाडून कोणी पंचावन्नाव्या वर्षी म्हणाले की, मी आता योग शिकणार व पुढे शिकविणारही, तर घरात प्रथम हसू उमटते आणि मागाहून काळजी व्यक्त होते. "या वयात कंबर धरली म्हणजे?" असे मुलगा विचारतो, "लोक काय म्हणतील?" असे विचारण्यास तर कोणीही पुरते. हे हसू कितपत खरे आणि ही काळजी कितपत योग्य, याचा थोडा तपास करावा असे आम्ही योजिले आहे.

खानदेशातील वाचकांस या विषयाची विशेष गोडी वाटावी याला कारण आहे. योगक्रियांना आधुनिक प्रयोगशाळेच्या दारी प्रथम नेणाऱ्यांत ज्यांची गणना होते, ते स्वामी कुवलयानंद हे योगाकडे वळले त्या वेळी हिमालयातील गुहेत नव्हते, की कोणा मठातही नव्हते. ते बोरी नदीच्या काठी, अमळनेरास, मुलांना शिकवीत होते. त्या वेळी त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे असे होते, आणि त्यांचे वय विद्यार्थ्याचे मुळीच राहिलेले नव्हते.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजराथेतील डभोईचा. घरची गरिबी, लहानपणीच आलेले पोरकेपण आणि त्यातून स्वतःच्या हिमतीवर केलेले शिक्षण ही कथा त्या पिढीतील पुष्कळांची आहे, म्हणून ती आम्ही विस्ताराने सांगत नाही. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, एवढे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे हठयोगाचे जुने ग्रंथ त्यांना दुभाष्यावाचून वाचता आले ते या बळावर. बडोद्याच्या कॉलेजात असताना जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी देशी व्यायामाचे पाठ घेतले आणि १९१० साली ते पदवीधर झाले. म्हणजे संस्कृत आले, शरीर कसले गेले. योग मात्र अजून आलेला नव्हता. त्यानंतरची त्यांची वर्षे खानदेशात शिक्षणाच्या कामात गेली. अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी अंग घातले आणि १९१६ साली तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

त्या काळचे अमळनेर हे एक विलक्षण गाव होते. प्रताप शेटजींची गिरणी, तिच्या धनावर वाढणाऱ्या संस्था आणि १९१६ सालीच निघालेले तत्त्वज्ञान मंदिर, जेथे दूरदूरचे पदवीधर वेदान्ताच्या अभ्यासासाठी येऊन राहत. तालुक्याच्या गावी असा योग क्वचितच जुळून येतो. अशा गावी गुणे यांनी १९२३ पर्यंत मुलांना आणि तरुणांना भारतीय संस्कृती हा विषय शिकविला. मधल्या काळात, १९२० साली, राष्ट्रीय बाण्याच्या संशयावरून सरकारने महाविद्यालय बंद पाडले. सदतिसाव्या वर्षी हातचे काम असे निघून गेलेला मनुष्य बहुधा दुसरी नोकरी शोधतो, किंवा सरकारला बोल लावीत उरलेले आयुष्य काढतो. गुणे यांच्या आयुष्यात तोवर एक निराळेच वळण येऊन गेले होते.

ते वळण १९१९ सालचे. नर्मदेच्या तीरावर, बडोद्याजवळ मालसर म्हणून गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी या नावाचे बंगालकडील एक वृद्ध योगी राहत असत. पुष्कळ देश फिरून झाल्यावर, अगदी उतारवयात ते तेथे स्थिर झाले होते, आणि शिष्य जमविले तेही त्याच वयात. त्यांच्या वयाविषयी भक्तमंडळींत जे आकडे सांगतात ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेले बरे. परंतु गुरूच मुळी वार्धक्यात गुरू झाले होते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. याच माधवदासजींचे आणखी एक शिष्य पुढे प्रसिद्धीस आले, ते श्री. योगेंद्र. त्यांनी १९१८ च्या डिसेंबरात मुंबईजवळ वेसाव्यास आपली योगसंस्था काढली, त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस होते. एकाच गुरूचे दोन शिष्य: एकाने मिसरूड फुटण्याच्या वयात शिकविण्यास आरंभ केला, दुसऱ्याने केस पिकू लागल्यावर. दोघांच्याही संस्था शंभरी ओलांडून आज चालू आहेत. यावरून वयाचा प्रश्न वाटतो तितका निर्णायक नसावा, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोणी म्हणेल, छत्तिसावे वर्ष म्हणजे काही उत्तरवय नव्हे. आजच्या हिशेबाने नव्हेच. परंतु त्या काळच्या हिंदुस्थानात सरासरी आयुर्मान तिशीच्याही आत होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली ओढली जाई हे खरे. तरी पन्नाशीचा मनुष्य तेव्हा म्हाताऱ्यांत गणला जाई आणि पस्तिशीच्या आत ज्याची प्रपंचाची घडी बसली नाही त्याच्याकडे लोक करुणेने पाहत. त्या मापाने पाहिले असता गुणे यांचे छत्तिसावे वर्ष हे आजच्या पंचावन्नाहून फारसे अलीकडचे ठरणार नाही.

आता ते योगाकडे वळले म्हणजे नेमके काय झाले, हे पाहण्याजोगे आहे, कारण मास्तरकीतील इतक्या वर्षांचा उपयोग येथेच दिसून येतो. वीस वर्षांचा शिष्य गुरूने सांगितले ते करतो. गुणे यांनीही केले, परंतु वर्गात मुलांना जो प्रश्न विचारण्याची सवय लावावयाची, तो "कशावरून?" हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. गुरूने शिकविलेल्या क्रियांनी शरीरात आत काय घडते हे पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२०–२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी काही विद्यार्थ्यांवर क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचे निरीक्षण केले. उड्डियान म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडून, छाती फुगवून, पोट आत व वर ओढून घेणे. आणि नौली म्हणजे ते तसे ओढलेले असता पोटाचे मधले स्नायू दोरखंडासारखे पुढे काढून फिरविणे. बघणाऱ्यास गारुड्याचा खेळ वाटावा अशी ही क्रिया आहे, आणि जत्रेत ती खेळ म्हणून दाखविलीही जाते.

गुणे यांचा प्रश्न असा होता की, बस्तिक्रियेत योगी पाण्यात बसून, पिचकारीवाचून, आतड्यात पाणी ओढून घेतात ते कसे? जुनी मंडळी म्हणत, अपानवायू वश झाला की घडते. गुणे यांनी आतड्यातील दाब मोजण्याचे नळीचे साधे यंत्र लावले. नौली काढली असता आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो, असे त्यात दिसून आले. दाब कमी झाला की पाणी आपण होऊन वर चढते. विहिरीच्या पंपाचे जे तत्त्व तेच येथेही. येथवर एखादा चांगला भौतिकशास्त्राचा शिक्षकही आला असता. पण आतड्यातील त्या निर्वात स्थितीला नाव देताना गुणे यांनी आपल्या गुरूचे नाव दिले: 'माधवदास निर्वात'. गुरूवर श्रद्धा आहे म्हणून मोजावयाचे नाही, किंवा मोजले म्हणून श्रद्धा सोडावयाची, असे त्यांना वाटले नाही. आमच्या मते, प्रौढ वयात विद्या घेणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यावयाची पहिली गोष्ट हीच.

प्राणायामाबद्दलही असेच झाले. दीर्घ श्वसनाने रक्तात पुष्कळ प्राणवायू जातो व म्हणून आरोग्य लाभते, हे वाक्य तेव्हाही सर्वतोमुखी होते आणि आजही सकाळच्या बहुतेक वर्गांतून ते ऐकू येते. कुवलयानंदांनी प्राणायामावर पुस्तक लिहिले त्यात ही समजूत साफ नाकारली. श्वास सावकाश घ्यावयाचा, रोखावयाचा व त्याहून सावकाश सोडावयाचा, तर ठराविक वेळात आत जाणारी हवा उलट कमीच भरते; तेव्हा प्राणायामाचा लाभ शोधावयाचा तो मज्जासंस्थेवर व मनावर होणाऱ्या परिणामांत शोधावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याच विद्येच्या गैरवाजवी स्तुतीला कात्री लावणारा शिक्षक दुर्मिळ असतो, आणि पोट त्या विद्येवर चालत असेल तर आणखीच दुर्मिळ.

१९२४ च्या ऑक्टोबरात, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व त्याच वेळी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. त्रैमासिकाची रचना पाहिली म्हणजे वर्गातला शिक्षक लगेच ओळखू येतो. एक भाग प्रयोगांचा, तो डॉक्टरांसाठी. एक मधला भाग, जो डॉक्टर नव्हे पण कसून वाचतो अशासाठी. आणि एक सर्वांसाठी सोपा. आसनांवरील त्यांच्या पुस्तकातही तोच क्रम: धडधाकट माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम, वेळ थोडा असणाऱ्यासाठी संक्षिप्त, आणि अशक्तासाठी सुलभ. सर्वांना एकच पट्टी लावणारा मास्तर मुले बिघडवितो हे ज्याने अनुभविले आहे, त्यालाच अशी वाटणी सुचावयाची. १९२७ साली गांधीजींनी आपल्या प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला तोवर त्यांचे नाव देशभर झाले होते. ज्या साली कैवल्यधाम निघाले त्याच साली, १९२४ मध्ये, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात एक नवे शिक्षक रुजू झाले. ते साने गुरुजी. एक मास्तर गेले, दुसरे आले. त्या गावाचे नशीबच थोर म्हणावयाचे.

कुवलयानंद हे एकटेच उदाहरण आहे असेही नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम युजेन सँडोची विलायती पद्धती वर्षानुवर्षे केली आणि चाळिशीच्या सुमारास ती सोडून सूर्यनमस्कार धरले. पुढे संस्थानातील शाळाशाळांतून त्यांनी नमस्कार चालू केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि साठी उलटल्यावरही लोकांपुढे स्वतः नमस्कार घालून दाखविण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. समुद्रापलीकडील म्हणावे तर इंद्रादेवी या नावाने प्रसिद्ध झालेल्या बाई १८९९ साली रिगा येथे जन्मल्या. म्हैसुरास कृष्णम्माचार्यांकडे त्या गेल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. आचार्यांनी आधी नकार दिला आणि महाराजांच्या शब्दावरून मग त्यांना घेतले. १९३९ साली त्यांनी शांघायमध्ये वर्ग उघडला, १९४७ मध्ये हॉलिवुडात, आणि २००२ साली त्या वारल्या त्या शंभरी पार करून.

इतके सांगितल्यावर आजचे जळगाव-धुळे पाहू. पूर्वी ज्यास गुरू शोधीत नर्मदाकाठी जावे लागे, त्याला आता घराजवळ सोयी आहेत. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योग व निसर्गोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका ज्यांचे कॉलेज सुटून तीस वर्षे झाली अशांनाही घेता येते. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाखाली २०१८ पासून योग प्रमाणीकरण मंडळ परीक्षा घेते. तिच्या पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी सामान्य वर्ग घेण्याइतपत आहे. ही परीक्षा ऐच्छिक आहे. ती दिल्यावाचून वर्ग चालविता येत नाही असे नाही. २०१५ पासून दर २१ जूनला योगदिन होऊ लागल्यापासून तर शाळा, बँका, कचेऱ्या, महिला मंडळे सर्वांनाच त्या दिवसापुरता एक शिक्षक हवा असतो, आणि तो पुष्कळदा नुकत्याच निवृत्त झालेल्यांतूनच सापडतो.

येथेच आमच्या मते धोका आहे. अमेरिकेतील एका संस्थेने दोनशे तासांच्या शिक्षणाची प्रथा पाडली, ती फिरत फिरत आपल्याकडे आली, आणि आता महिन्याभरात, कित्येक ठिकाणी तर घरबसल्या, 'शिक्षक' होऊन बाहेर पडता येते. गुणे यांचे शरीर तरुणपणी माणिकरावांच्या आखाड्यात कसलेले, संस्कृत हातचे, शिकविण्याचा अनुभव दांडगा. तरी मालसरच्या पहिल्या भेटीपासून लोणावळ्याच्या पाटीपर्यंत त्यांनी पाच वर्षे घेतली. मग ज्याने तीस वर्षे खुर्चीवर बसून काढली आणि ज्यास मांडी घालता येत नाही, त्याला तीस दिवस कसे पुरावे? घरच्यांनी हसावयाचेच तर या घाईला हसावे, वयाला नव्हे. निवृत्तीच्या आदल्या पाच-सात वर्षांतच स्वतःचा नित्य अभ्यास सुरू करावा, एकाच शिक्षकाकडे नेमाने जावे, मग एखाद्या वर्गात साहाय्यक म्हणून उभे राहावे, आणि त्यानंतर आपला वर्ग. जो साठीला शिकवू लागतो त्याच्यापुढे, प्रकृतीने साथ दिली तर, पंधरा वर्षे असतात. पहिल्याच वर्षी एखाद्या विद्यार्थ्याची मान अवघडवून ती वाया घालविण्यात काय हशील?

शरीराच्या बाबतीत साखरेत घोळून सांगण्याचे कारण नाही. पन्नाशीनंतर हाडे ठिसूळ होत जातात, स्त्रियांची विशेषच. अशांना पाठीतून जोराने पुढे वाकविणे मणक्यांस घातक होऊ शकते. शीर्षासनात डोळ्यातील दाब सुमारे दुपटीने वाढतो, म्हणून ज्यास काचबिंदू आहे त्याने ते करू नये. रक्तदाब वाढलेला असता श्वास रोखून धरणे, जोराची कपालभाती करणे, डोके खाली पाय वर अशा स्थितीत राहणे ही टाळावी. हर्निया असलेल्यास उड्डियान वर्ज्य. बेल्जमची वृद्ध राणी एलिझाबेथ ऐंशी वर्षांच्या पुढे अय्यंगारांकडून शीर्षासन शिकली, ही गोष्ट हौसेने सांगितली जाते व ती खरी आहे. पण राणीच्या शेजारी प्रत्यक्ष अय्यंगार उभे होते हे सांगणारा विसरतो. त्याच अय्यंगारांनी पुण्यास खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, पट्टे यांचा आधार घेऊन आसने करण्याची जी पद्धत बसविली ती वृद्धांच्या वर्गास वरदानच आहे. भिंतीला पाठ लावून बसण्यात लाज कसली?

आणि उत्तरवयातील शिक्षकाचे खरे भांडवल येथेच कामास येते. त्याचा स्वतःचा गुडघा दुखलेला असतो. समोरच्या साठीच्या बाई वज्रासनात बसताना चेहरा का आवळतात, हे पंचविशीच्या शिक्षकाला पुस्तकातून कळते. याला आपल्या गुडघ्यावरून कळते. शिवाय प्रत्येकाचा जुना धंदा बरोबर येतो. भुसावळच्या रेल्वेत हयात घालविलेला गृहस्थ वर्ग घड्याळाच्या ठोक्याला सुरू करील. इस्पितळात परिचारिका असलेल्या बाई आधी प्रत्येकाचे आजार आणि औषधे विचारून वहीत टिपतील. शाळेतील बाईंना मागच्या ओळीतील कोणाचे ध्यान नाही ते न वळता कळेल. नोकरी सुटली की हे सारे ज्ञान फुकट गेले असे मानून माणसे खचतात. योगवर्गात ते व्याजासह परत येते.

वाचनाच्या बाबतीत आपल्या घरांतील मंडळींना तर अधिकच सोय आहे. पतंजलीची सूत्रे दोनशेच्याही आत भरतात, आणि त्यांत आसनाविषयी म्हणून अवघी तीन आहेत. जो शिक्षक चार पादांपैकी एकही न वाचता केवळ आसनेच शिकवितो, त्याने किती थोडे शिकविले हे यावरून दिसावे. ज्यांनी मॅट्रिकला संस्कृत घेतले होते त्यांनी ते पुस्तक पुन्हा खाली काढावे. धुळेकरांना तर आणखी एक वारसा आहे: १९३२ साली त्यांच्याच तुरुंगात विनोबांनी कैद्यांपुढे दर रविवारी गीतेवर प्रवचने केली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, आणि सहाव्या अध्यायातील ध्यानयोग तेथे चोर-दरोडेखोरांनाही समजेल अशा मराठीत सांगितला गेला. शिकविण्याची भाषा कशी असावी याचा धडा त्याहून चांगला आम्हांस ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. वयस्क शिक्षकाच्या शब्दाला आपल्या समाजात फार वजन असते; काका म्हणाले, काकू म्हणाल्या, की लोक ऐकतात. म्हणून मधुमेह मुळासकट जातो, रक्तदाबाची गोळी सोडून द्या, अशी वाक्ये त्याच्या तोंडून निघता कामा नयेत. योगाभ्यासाने झोप सुधारते, मन शांत होते, तोल सावरतो, रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवण्यास साहाय्य होते, इतके सांगण्यास पुष्कळ आधार आहे. गोळी बंद करणे हे डॉक्टरांचे काम. प्राणवायूविषयीची लाडकी समजूत ज्यांनी स्वतः खोडली त्या कुवलयानंदांचे नाव वर्गाच्या भिंतीवर लावून, खाली बसून भलतेच सांगणे शोभणार नाही.

पैशाविषयीही कुजबूज होते. विद्या विकावी काय, असे कोणी जुने गृहस्थ विचारतात. तेच गृहस्थ नातवाच्या शिकवणीची फी बिनतक्रार भरीत असतात. पेन्शन पुरेशी असेल त्याने वर्ग फुकट चालवावा, आनंदच आहे. परंतु फुकटच्या वर्गाला गळती लवकर लागते असे आमच्या पाहण्यात आहे. विशेषतः ज्या स्त्रीने जन्मात स्वतःची मिळकत पाहिली नाही तिने साठाव्या वर्षी थोडी फी घेतली, तर घरच्यांनी त्यात बोट घालू नये. ती रक्कम तिची.

शेवटी उरतो तो घरातील स्त्रीचा प्रश्न, आणि एकत्र कुटुंबात तोच सर्वांत अवघड आहे. पुरुषाने योगशिक्षक व्हावयाचे ठरविले तर त्याला पहाटे चहा तयार मिळतो. स्त्रीने ठरविले तर तो चहा कोण करणार, येथून चर्चेस आरंभ होतो. सूनबाईंची कचेरी, नातवाचा डबा, मामंजींचे पथ्य, आणि आलेगेले. सकाळचे साडेपाच ते नऊ हे तास घर तिच्याकडे हक्काने मागते, आणि योगवर्गाचे तासही नेमके तेच. वास्तविक वर्गांची गरज स्त्रियांनाच अधिक आहे. मासिक धर्म थांबण्याच्या वर्षांतील तक्रारी, कंबर, टाचा, निद्रानाश, यांविषयी त्या पुरुष शिक्षकापुढे बोलत नाहीत, वयाने लहान मुलीपुढेही पुष्कळदा नाही. त्यांना आपल्याच वयाची, आपल्यासारखीच चार बाळंतपणे पाहिलेली बाई लागते. अशी बाई तयार होऊ शकते, पण तिच्या पहाटेच्या दोन तासांची सोडवणूक झाली तरच. ती कशी करावी हे ज्या त्या घराने ठरवावे. मुलाने चहा ठेवणे ही काही नौलीइतकी कठीण क्रिया नाही.

ज्या घरात हे जमतच नाही तेथे दुपारचा वर्ग हा मार्ग आहे. जेवणानंतर चार तास गेले की आसनांस प्रत्यवाय नाही, तेव्हा दुपारी एकला जेवलेल्या स्त्रियांचा वर्ग पाचाला भरू शकतो, आणि सहाला संपून दिवेलागणीच्या आत सर्वजणी घरी पोचतात. खानदेशात अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांची. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, पत्र्याच्या सभागृहात पाचालाही भट्टी पेटलेली असते, आणि त्या उष्म्यात वयस्क स्त्रियांकडून नमस्कार घालून घेणे हा शुद्ध अविचार होय. त्या दोन महिन्यांत वर्ग पहाटेचा करावा, नाही तर कोणाच्या तरी घरच्या जाड भिंतींच्या माजघरात भरवावा, आसने कमी करून शवासन व शीतली प्राणायाम वाढवावे, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की पुन्हा पाचाची वेळ धरावी.